मोलानं घेतलेलं

कुठलाही कपडा हातात आला की बाई आधी तो उलटा करत. मग तो बाजारातला असो, दुकानातला असो, नाहीतर समोरच्याच्या अंगातला. "वरून सगळेच बरे दिसतात," असं म्हणत त्या शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणत, काखेपाशी नाक नेत आणि मग निकाल देत. त्या निकालावर अपील नसे.

तशा आमच्या शाळेत आम्ही दहाबाराजणी होतो आणि सगळ्याच बाई होतो. पण नुसतं 'बाई' म्हटलं की शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना ज्या आठवत, त्या या. चौथीचा वर्ग त्यांचा, तिसरीचा माझा, मधे एक पातळ भिंत. त्या पलीकडे पाढे म्हणून घेत आणि इकडे माझा वर्ग ते फुकटात पाठ करी. त्यांचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि त्यांच्या न आवडण्याची धास्ती मला अजून आहे.

एका हिवाळ्यात आमचे हेडमास्तर नवा कोट घालून आले. आम्ही सगळ्यांनी "वा सर, वा सर" केलं. बाईंनी पुढे होऊन बाही जराशी दुमडली, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, शिंप्यानं छान उलटवलाय हो. फक्त वरचा खिसा उजवीकडे आला तेवढा." जुना कोट उसवून, कापडाची आतली बाजू बाहेर काढून शिवला की छातीवरचा खिसा बाजू बदलतो, हे आम्हा बाकीच्यांना त्या दिवशी कळलं. हेडमास्तर उरलेला हिवाळा उजव्या छातीशी हजेरीपट धरून हिंडले.

बाई मूळच्या नामपूरच्या. मिस्टर अंबडला कारखान्यात टर्नर. घरात बुद्धाची तसबीर, तीन मुलं, आणि गावाकडे कॉलेजात शिकणारे दोन धाकटे भाऊ, ज्यांची फी, पुस्तकं, खानावळ, सगळं बाईंच्या पगारातून जाई. मग मुलांच्या कपड्यांना काय उरणार? काहीच नाही. बाई त्याचं दुःख मात्र करत नसत. उलट त्यांच्याकडे त्याचं तत्त्वज्ञान होतं. "पोरं वाढतात, कपडे वाढत नाहीत. मग नव्यात पैसे घालणारा शहाणा कसा?" असं त्या विचारत आणि आमच्यातल्या तिघीचौघी नवं शिवणाऱ्या मूर्ख खाली बघत.

त्यांची सगळी खरेदी बुधवारच्या बाजारात, गंगेवर, म्हणजे आमच्या गावच्या नदीवर. शाळा सुटली की त्या थेट निघत, आणि पुढे मलाही ओढू लागल्या. लोक लांबलांबून गंगेवर पापं धुवायला येत, आम्ही चड्ड्या शोधायला जात होतो. एका बाजूला दहाव्याचे विधी चाललेले, दुसऱ्या बाजूला भाजी, आणि त्यापलीकडे जमिनीवर चादर पसरून जुन्या कपड्यांचे ढीग. दान केलेली धोतरंही फिरून त्याच ढिगात येत. काही धोतरांनी तर आठदहा जणांना स्वर्गात पोचवलं असेल.

ढीगवाली बाईंना लांबूनच ओळखी.

"आल्या का? आज धंदा बसला म्हनायचा."

"बसलेलाच हाय तो. मी उठवायला आले," बाई पदर खोचत म्हणत. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या बाईंची भाषा बाजारात पाय टाकताच चप्पल काढल्यासारखी मोकळी होई. मधूनच एखादा शर्ट उचलून त्या नामपुरी ठसक्यात "कितलाले?" असं विचारत, आणि आकडा ऐकायच्या आतच शर्ट खाली टाकत.

मापाची त्यांची पद्धत साधी होती. चड्डीची कमर पोराच्या गळ्याभोवती गुंडाळायची, दोन्ही टोकं मानेमागे भेटली की चड्डी बसली. आता पोरं असत शाळेत नाहीतर घरी. मग बाई जवळपासचा कुठलाही गळा वापरत. एकदा त्र्यंबकला निघालेल्या कुणा यात्रेकरूच्या पोराच्या मानेभोवती त्यांनी खाकी चड्डी आवळली. त्याची आई किंचाळली. "ओरडू नका हो," बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा मधला आन् तुमचा सारख्याच मानेचे दिसतात. जेवतो ना नीट?" पाच मिनिटांनी दोघी पोरांच्या जंतांवर बोलत उभ्या होत्या.

कपडा वाचण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "हा शर्ट बघ. कोपरं झिजलेली नाहीत. पोरगं अभ्यासाला बसत नाही, नापास होणार." "ह्या फ्रॉकच्या खिशाला भोक. चिंचोके ठेवत असणार, पोरगी चांगली आहे." "ह्याची बटणं तीन घरची. आई कामसू, पण बाप दारुडा." बाप दारुडा हे बटणांवरून कसं कळतं ते मी विचारलं. "कामसू बाईच्या घरात एका जातीची बटणं नाहीत म्हणजे पैसे कुठे जातात?"

मी स्वतः गावातल्या जुन्या पेठेतली. आमच्याकडे परक्याचे जुने कपडे विकत घेणं म्हणजे चोरीच्या दोन पायऱ्या खाली. चुलतभावाची विटलेली विजार घातली की माया, परक्याची घातली की दारिद्र्य, असा आमचा हिशेब. तरी मी बाईंबरोबर जात होते, आणि हळूहळू दोनचार गोष्टी घेऊही लागले होते. घरी सांगताना मात्र 'सेलमधून' म्हणायची.

तर अशी मी त्यांची शागीर्द झाले, आणि मग मी एक मूर्खपणा केला.

माझ्या मुलाला लहान झालेले कपडे घरात पडून होते. चांगले होते. मी ते धुतले, इस्त्री केले, पिशवीत नीट भरले आणि मधल्या सुट्टीत बाईंपुढे ठेवले. मनात म्हटलं, बाई खूश होतील.

बाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "किती द्यायचे?"

"अहो, द्यायचे कसले? असेच."

"असंच मी घेत नाही," बाई म्हणाल्या आणि डब्यातली भाकरी मोडू लागल्या. पिशवीला त्यांनी बोटही लावलं नाही.

मला फार लागलं. संध्याकाळी त्याच आपणहून माझ्याबरोबर चालत आल्या आणि वाटेत सांगू लागल्या. त्या लहान असताना गावात सणावाराला मोठ्या घरांतून त्यांच्या आईला जुने कपडे मिळत. मिळत म्हणजे ओट्यावरून खाली टाकत. धर्म बदलला त्या वर्षी त्यांच्या आईनं घरातलं असलं प्रत्येक वस्त्र गोळा केलं, स्वच्छ धुतलं, घड्या घातल्या आणि ज्याचं त्याच्या मागच्या दारी नेऊन ठेवलं. मग थंडी आली. चार भावंडांनी तो हिवाळा बारदानात काढला.

"आई म्हणायची, मोलानं घेतलेलं फाटकं चालेल, मिळालेलं रेशीम नको," बाई म्हणाल्या. "तू प्रेमानं आणलंस, मला कळतं. पण माझ्या पोरांना मला कुणाकडे खालून वर बघायला लावायचं नाही. ढीगवालीशी मी भांडते, ती माझ्याशी भांडते. आम्ही दोघी एकाच जमिनीवर बसलेल्या असतो."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला ते निम्मंच कळलं. उरलेल्या निम्म्यात मी रुसले होते. त्या रुसव्यात घरी येऊन मी ती अख्खी पिशवी दारावर आलेल्या भांडेवालीला देऊन टाकली आणि दुधाचं स्टीलचं पातेलं घेतलं.

दोन बुधवार गेले. तिसऱ्या बुधवारी बाईंनी ढिगात हात घातला आणि बाहेर आला एक निळा स्वेटर, छातीवर पांढरं बदक असलेला. तो मी विणलेला होता. माझ्या मुलासाठी, दोन महिने बसून.

बाईंनी तो उलटा केला.

"विणणारी आळशी दिसते," बाई म्हणाल्या. "पुढे बदक काढलंय झोकात, आन् पाठीवर टाके गाळलेत. म्हटलं असेल, पाठ कोण बघतंय!" त्या अजून खोलात गेल्या. "मधेच कंटाळलीय. इथनं वीण सैल. नवऱ्याशी भांडून विणलाय हा भाग." तेही खरं होतं. "पण लोकर चांगली आहे. घेऊ का? तुला काय वाटतं?"

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर त्या तो ढिगात परत टाकणार, आणि थंडी तर अशी पडली होती की वर्गातली पोरं हात काखेत घालून पाढे म्हणत होती. शिवाय आळशी विणणारी म्हणून कबूल व्हायची मला लाज वाटली. या दोन कारणांपैकी खरं कोणतं, ते मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही. "घ्या ना," मी म्हटलं.

ढीगवालीशी घासाघीस करून बाईंनी स्वेटर घेतला. मी गंगेकडे बघत उभी राहिले.

आमची दोघींची मुलं आमच्याच शाळेत होती, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. ते मी येऊ दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली आणि मैदानातून माझ्या चिरंजिवांचा आवाज आला, "ए! ते माझं बदक आहे!"

मी धावले. बाईंचा धाकटा मधोमध उभा होता, सात वर्षांचा, आणि भोवती पोरांचं रिंगण. दोन्ही हातांनी त्यानं बदक झाकलं होतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ते पाहून मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

बाई माझ्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी माझ्या मुलाला विचारलं, "तुझं होतं का रे?"

"हो. माझ्या आईनं विणलंय."

"मग आईनं त्याचं काय केलं?"

माझा मुलगा सत्यवचनी. "भांडेवालीला दिलं. पातेलं घेतलं."

"कसलं पातेलं?"

"दुधाचं."

"झालं तर मग," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तू दूध पी, हा स्वेटर घालील. तुझ्या आईनं मोल घेतलं, मी मोल दिलं. आता त्याच्यावर तुझं काय, आन् तुझ्याआधी ज्या मेंढीची लोकर होती तिचं काय! ती मेंढी आली का भांडायला?"

पोरं हसली. माझा मुलगाही हसला. बाईंच्या धाकट्यानं हात हळूच खाली घेतले. दुपारपर्यंत दोघं एकत्र गोट्या खेळत होते.

पण मैदान रिकामं झाल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

मी हो म्हटलं.

"बाजारात मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या, आणि वर्गात गेल्या.

तीन वर्षं त्या मला 'तू' म्हणत होत्या. त्या दिवसापासून 'तुम्ही' झालं. "तुम्ही आज लवकर आलात." "तुमचा खडू घेतला होता." त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बुधवारी त्या एकट्या जाऊ लागल्या. भिंतीपलीकडून पाढे येत राहिले आणि मी ते ऐकत बसे.

त्यानंतर चारपाच महिन्यांत मला दिवस राहिले, आणि आमच्या घरात कुणीच हसेना. कारण थोरल्यानंतर मला एक मुलगी झाली होती, ती बारशाआधीच, नवव्या दिवशी गेली होती. तिचे कपडे आम्ही नवेकोरे शिवून ठेवले होते, दुपट्यांना लेस लावून. सासूबाईंचं मत पक्कं झालं होतं की नवं घातलं म्हणून दृष्ट लागली. आता या बाळाच्या अंगाला पहिलं शिवलेलं वस्त्र लागेल ते मागून आणलेलं, आणि तेही अशा घरचं, जिथली सगळी पोरं धडधाकट जगली आहेत. विकत घ्यायचं नाही, बदल्यात काही द्यायचं नाही. आईनं स्वतः जाऊन पदर पसरायचा.

मी एरवी असल्या गोष्टींना हसणारी. पण नऊ दिवसांचं मूल हातातून गेलेल्या बाईचं हसू फार टिकत नाही. मला ते बाळ हवं होतं. त्यासाठी सासूबाईंनी गाढवाच्या पाया पडायला सांगितलं असतं तर मी पडले असते. आणि तिघंच्या तिघं धडधाकट असलेलं घर मला एकच माहीत होतं.

सासूबाईंना मी कुणाचं घर ते सांगितलं. एरवी त्या घरच्या पाण्यालाही त्यांनी हात लावला नसता. त्यांनी जपमाळेचा एक फेरा पुरा केला. मग म्हणाल्या, "तिन्ही पोरं ठणठणीत ना? मग जा." त्यांचं सोवळं त्या दिवशी गुपचूप माळ्यावर गेलं.

मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन बाईंच्या दारात उभी राहिले. आयुष्यभर फुकटचं न घेणाऱ्या बाईकडे मी फुकट मागायला आले होते. मी पदर पसरला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "विकत देऊ का?"

"विकत चालत नाही म्हणतात."

"म्हणजे तुमच्यात फुकटचंच लाभतं," बाई म्हणाल्या. "देवाला तरी कळतं का, कोण कुणाकडनं काय घेतंय ते! उद्या तुझ्या सासूला म्हणावं, मूलही मागूनच आण." बोलता बोलता त्यांनी मला हाताला धरून खाटेवर बसवलं, पाणी दिलं. 'तू' म्हणाल्या होत्या. मी पाण्याचा पेला तोंडाला लावून रडले. बाईंनी ते न पाहिल्यासारखं केलं. "पेटीत असेल कुठेतरी. शोधावं लागेल. आठ दिवस थांब."

आठ दिवसांनी त्यांनी मधल्या सुट्टीत कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली. आत एक झबलं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पिवळट पडलेलं, एक बंद तुटून दुसऱ्याच कापडाचा लावलेला. "तिघांनीही घातलंय," बाई म्हणाल्या. "आता मला घडीघडी धन्यवाद देऊ नकोस. माझा असल्यावर विश्वास नाही."

मुलगी झाली. पाचवीला सासूबाईंनी स्वतःच्या हातानं तिला ते झबलं घातलं. नववा दिवस मी श्वास धरून काढला. दहावा उजाडला, अकरावा उजाडला, बाराव्याला बारसं झालं. बाई बारशाला आल्या, बाळ उचलून घेतलं आणि पाळण्याभोवती जमलेल्या आमच्या सगळ्या पेठेसमोर म्हणाल्या, "मान चांगली आहे. चार वर्षांच्या चड्डीला पुरेल." बुधवारही पुन्हा सुरू झाले. पुढे कितीतरी वर्षं माझ्या मुलीचे फ्रॉक बाईंनीच निवडले, आणि घरी मी 'सेलमधून' म्हणायचं सोडून दिलं.

बाई गेल्या तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. महिनाभराचं आजारपण, कुणाला फार धावपळ करू दिली नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, बरोबर माझी मुलगी होती. बाईंची थोरली सटाण्याहून आली होती, ती तिथे नर्स आहे. तिनं माझ्या मुलीकडे पाहिलं आणि रडता रडता हसली.

"हीच ना ती, घासलेल्या झबल्याची?"

"कसलं घासलेलं झबलं?" मी विचारलं.

"काकू, तुम्ही मागायला आलात तेव्हा घरात एक झबलं नव्हतं. आमचे लहान झालेले कपडे आई ठेवायचीच नाही, त्याच ढीगवालीला विकायची. तुम्ही गेल्यावर तिनं मेन रोडच्या दुकानातून मलमल आणली. नवी. आम्हाला तिघांना जन्मात कधी नवं कापड आणलं नव्हतं तिनं. हातानं शिवलं, आणि आठ दिवस रोज धुण्याच्या दगडावर घासत होती. चहाच्या पाण्यात बुडवलं, वाळवलं, परत घासलं. चांगला बंद तोडून चिंधीचा लावला. आम्हाला वाटलं, आई वेडी झाली."

"अगं, पण बाजारात मिळालं असतं की," मी म्हटलं.

"मी तेच म्हणाले तिला. तर म्हणाली, बाजारातलं नको. पोर वाढलं म्हणून विकलं, का पोर गेलं म्हणून, हे झबल्यावर लिहिलेलं नसतं. मी म्हटलं, आई, तुझा तर विश्वास नाही ना असल्यावर? तर माझ्यावरच ओरडली. म्हणाली, नाहीच मुळी. पण ते पोर जगलं पाहिजे."

तिघांनीही घातलंय, असं बाई मला सांगून गेल्या होत्या, आणि मी दहा वर्षं ते खरं मानून चालले होते. माझी मुलगी मला हलवून हलवून विचारत होती, "कसलं झबलं, आई? काय झालं?" मी तिला जवळ ओढलं, इतकं घट्ट की ती "आई, लागतंय" म्हणून ओरडली.